टेनिस लीगचा निकाल नोंदवताना

अमेरिकेत यूएसटीए ही टेनिस संघटना हौशी खेळाडूंसाठी लीग चालवते. दोन संघांच्या एका लढतीत एकेरी आणि दुहेरीचे मिळून अनेक सामने होतात. एक कर्णधार त्यांचे निकाल ‘टेनिसलिंक’ या संघटनेच्या संकेतस्थळावर भरतो, दुसरा ते तपासून मान्य करतो.

कोण जिंकलं, एवढंच इथे पुरत नाही. खेळाडूची पातळी दाखवणारं एनटीआरपी मानांकन ठरताना किती गेम जिंकले, हेही मोजलं जातं. म्हणून ६-४ च्या जागी ६-१ पडलं, तर हिशेब बिघडतो.

काम सोपं आहे. प्रत्येक सेटमध्ये सामन्याच्या विजेत्याचे गेम आधी लिहायचे असं ठरवून टाका. टायब्रेकवर सुटलेला सेट ७-६ लिहा. तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेक खेळला असेल, तर तिथे १-० भरा. दुखापतीमुळे सामना अर्धवट सुटला, तर त्या क्षणाचा स्कोअर नोंदवा. प्रतिस्पर्धी आलाच नाही, तर तो प्रकार वेगळा दाखवा.

आणि कर्णधारहो, घरी जाऊन आठवत बसू नका. दोघांनी मिळून कोर्टवरच कागद भरा, फोनवर त्याचा फोटो काढा, आणि मगच निघा.