कुणासाठी नाचायचं?

(युवक मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



आपल्या समाजमंदिरात रात्री नाच-व्यायामाचा वर्ग चालतो, तो मी घेते. तो बंद करा म्हणणारी माणसं इथं पहिल्याच रांगेत बसलीत. बरं झालं. पाठीमागं कुजबुजण्यापेक्षा समोरासमोर होऊन जाऊ द्या.

त्यांचं म्हणणं असं : बाबासाहेबांनी आपल्याला तमाशातून, मुरळीपणातून बाहेर काढलं आणि ही पोरगी पुन्हा आपल्या बायकांच्या पायात चाळ बांधते. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. त्याच्यामागं पिढ्यांचं भोगलेलं आहे. फडावर नाचली ती महाराची, मांगाची, कोल्हाट्याची बाई. समोर गाद्यागिरद्यांवर कोण लोळत होतं, तुम्हाला माहीत आहे. रात्री तिच्यावर पैसे उधळायचे आणि सकाळी तिचा विटाळ मानायचा. 1936 साली मुंबईत कामाठीपुऱ्यातल्या देवदासी, मुरळ्या, जोगतिणींच्या सभेत बाबासाहेबांनी हे जिणं सोडा म्हणून बजावलं. भीमराव कर्डकांच्या जलशानं तमाशाची ढोलकी घेतली, पण नाचणारी बाई वगळली. त्या काळात ते बरोबरच होतं. येरवड्याच्या वस्तीतून शिकून पुढं गेलेल्या शैलजा पाईक यांनी 2022 साली तमाशातल्या दलित बायकांवर अख्खं पुस्तक लिहिलं. ते वाचा, म्हणजे अश्लील हा शिक्का कुणी कुणावर मारला ते कळेल.

पण मला सांगा, बाबासाहेबांनी नाकारलं काय? हातपाय हलवणं? की दुसऱ्याच्या डोळ्यांसाठी, दुसऱ्याच्या पैशासाठी, जातीनं लादलेलं नाचणं? डिसेंबर 1927 मध्ये महाडला त्यांनी आपल्या बायकांना लुगडं नेसायची रीत बदला, जात दाखवणारे दागिने टाका म्हणून सांगितलं. मी त्याचा अर्थ असा घेते की, आपलं अंग कसं वागवायचं हे आता गाव ठरवणार नाही, आपण ठरवू.

आता सरकारची नीतिमत्ता बघा. 2005 साली महाराष्ट्रात डान्स बारवर बंदी आली. पण तीन तारांकित आणि त्याच्या वरच्या हॉटेलांना सूट! जिमखान्यांना सूट! म्हणजे नाच तोच. गरीब बाई साध्या बारमध्ये नाचली तर संस्कृती बुडते, श्रीमंताच्या हॉटेलात नाचली तर ती करमणूक. 2006 साली हायकोर्टानं ही बंदी घटनाबाह्य ठरवली आणि 2013 साली सुप्रीम कोर्टानं तो निकाल कायम केला. दरम्यान त्या बायकांनी काय खाल्लं, हे संस्कृतिरक्षकांपैकी कुणी विचारलं नाही.

आणि आपण स्वतःच्या आनंदासाठी नाचलो तर? जून 2023 मध्ये नांदेडजवळ बोंढार हवेली गावात आपल्या एका पोराचा खून झाला. गावात भीमजयंती साजरी केल्याच्या रागातून तो झाला, अशी फिर्याद आहे. त्यांच्यासाठी नाचलो तर दौलतजादा, आपल्यासाठी नाचलो तर सुरा. म्हणून म्हणते, आपल्या जागेत, आपल्या तालावर, आपल्या तब्येतीसाठी नाचणं ही किरकोळ गोष्ट नाही.

आता दुसऱ्या बाजूचे लोक. ते म्हणतात, वर्ग चालवायचाच तर शहरातल्यासारखा पॉश चालवा. एसी, आरसे, झुम्बा. झुम्बाचं मूळ कोलंबियातल्या काली शहरात. साल्सा, कुम्बिया, मेरेंगे हे त्यातले नाच. आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या काळ्या माणसांचा घाम त्यांत मुरलेला आहे. आज झुम्बा हे नोंदलेलं व्यापारचिन्ह आहे, परवान्याशिवाय त्या नावानं वर्ग घेता येत नाही. नाच वस्तीचा, शिक्का कंपनीचा. आपल्याकडं वेगळं काय झालं? ‘सैराट’ 2016 साली आला. ‘झिंगाट’वर सगळा महाराष्ट्र घाम गाळून नाचला. त्या पिक्चरच्या शेवटी कुणाचं रक्त सांडतं, ते नाचताना कुणाला आठवतं?

एक उदाहरण मात्र घेण्यासारखं आहे. अमेरिकेत जेन फोंडा या नटीनं 1979 साली बेव्हर्ली हिल्समध्ये व्यायामाचा स्टुडिओ काढला तो आपल्या राजकीय संघटनेला पैसा उभा करायला. 1982 साली तिची व्हिडिओ कॅसेट निघाली, तुफान खपली. पैसा चळवळीकडं गेला, हे खरं. पण बेव्हर्ली हिल्स म्हणजे गडगंज लोकांची वस्ती. तिथं भांडी घासणारी बाई त्या स्टुडिओत फरशी पुसायलाच शिरणार, नाचायला नाही. तेव्हा पैसा कुठं जातो हे बघायचंच, पण दारातून आत कोण येतं हेही बघायचं.

‘सर्वांना प्रवेश’ अशी पाटी लावायला काय लागतं? चार आण्याचा खडू. खरा प्रवेश वेळेत असतो, फीमध्ये असतो, भिंतीवर असतो. म्हणून आपल्या वर्गाचे नियम ऐका.

वेळ रात्री साडेआठची. पहाटे झाडू घेऊन कामावर जाणारी बाई सकाळी सात वाजता कशी येणार? फी ज्याला जमेल तशी, बंद डब्यात. कुणी किती टाकले हे कुणी बघायचं नाही. महिन्याचा जमाखर्च भिंतीवर चिकटवायचा. भिंतीला आरसा नाही. मोबाइलवर शूटिंग नाही. आपल्या बायकांना बघणारे डोळे इतिहासात पुष्कळ झाले. साडी, पंजाबी ड्रेस, गाऊन, काहीही चालेल. मूल सोबत आणा. ज्याला उभं राहता येत नाही त्याच्यासाठी खुर्ची आहे, हात आणि खांदे खुर्चीतही नाचतात. तृतीयपंथी मैत्रिणी पहिल्या ओळीत. त्यांनाही जगानं टाळ्या वाजवत दुसऱ्यांच्या दारात नाचायला लावलं, इथं त्या स्वतःसाठी नाचतील. मातंग, चर्मकार, मुसलमान, जो येईल तो आपला. कुणाला जात विचारायची नाही, आणि कुणी जातीवरून बोललं तर मात्र ऐकून घ्यायचं नाही.

आणि ताल? ताल हलगीचा. जी हलगी मांगवाड्यातून मेल्या-जित्याला फुकट बडवून घेतली, तीच इथं वाजेल, आणि वाजवणाऱ्याला मानधन मिळेल.

काही जण विचारतात, दिवसभर राबणाऱ्या बाईला व्यायाम कशाला? अरे, राबणं म्हणजे व्यायाम नव्हे. झाडताना ती तासन्‌तास एकाच बाजूला वाकते, तोच खांदा, तीच कंबर झिजते. इथं ती कंबर उलट बाजूला वळते, दोन्ही हात वर जातात, छाती भरून श्वास येतो. मोठ्या माणसानं आठवड्याला निदान 150 मिनिटं मध्यम व्यायाम करावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास. मध्यम म्हणजे किती? नाचताना बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये. एवढं माप पुरे, घड्याळ नको, मशीन नको. सिमेंटच्या फरशीवर उड्या नाहीत, गुडघे जातात. सुरुवातीला अंग हळूहळू तापवायचं, शेवटी हळूहळू निववायचं. साखर, बीपी, हृदयाचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरला विचारून या.

शेवटचं. कुणी म्हणेल, ही काय चळवळ झाली? ज्या ब्लॅक पँथरवरून आपल्या पोरांनी 1972 साली दलित पँथर हे नाव घेतलं, त्यांनी 1969 साली ओकलंडमध्ये शाळकरी पोरांना सकाळी फुकट न्याहारी द्यायला सुरुवात केली. पुढं दवाखाने काढले. उपाशी, आजारी अंगानं लढता येत नाही, हे त्यांना कळलं होतं. मोर्चा चालायलाही पाय लागतात, आणि घोषणा द्यायला छातीत दम लागतो. आपल्यातली किती कर्ती माणसं पन्नाशीतच गेली, ती नावं तुम्हीच मोजा.

तेव्हा वर्ग बंद होणार नाही. पहिल्या रांगेतल्या दादांना विनंती एवढीच : नजर ठेवायचीच असेल तर दारात उभं राहून ठेवू नका. आत या. जमाखर्चाची वही तुम्ही सांभाळा, आणि जमलं तर थोडे हातपायही हलवा. सोमवारी रात्री साडेआठ. टॉवेल आणि पाण्याची बाटली आपापली आणा.

जयभीम.