शब्दांची शिदोरी
(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



माझा एक विद्यार्थी प्रवेश परीक्षेचा सराव करीत होता. प्रश्नात ‘एक्सेप्ट’, म्हणजे ‘वगळून’, असा शब्द होता. त्याने तो ‘अ‍ॅक्सेप्ट’, म्हणजे ‘स्वीकारणे’, असा वाचला. विषय तोंडपाठ असूनही उत्तर चुकले. ज्ञान कमी पडले नाही, शब्द कमी पडला.

राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या ‘क्लॅट’ परीक्षेचेच पाहा. ती फक्त इंग्रजीत होते. १२० मिनिटांत १२० प्रश्न सोडवायचे आणि प्रत्येक चुकीच्या उत्तराला पाव गुण गमवायचा. सुमारे ४५० शब्दांचे उतारे देऊन त्यांवर प्रश्न विचारतात. तेथे गाइडातील यादी घोकून भागत नाही.

मग करावे काय? मदरशात अरबी शिकलेल्या मुलांना ‘क-त-ब’ हे मूळ ठाऊक आहे. त्यातून किताब, कातिब, मक्तब असे शब्द निघाले. इंग्रजी शब्दांनाही अशी मुळे असतात. ‘पोर्ट’ म्हणजे वाहून नेणे. आत आणणे ते इम्पोर्ट, बाहेर पाठवणे ते एक्स्पोर्ट, पलीकडे नेणे ते ट्रान्स्पोर्ट. माझगावच्या गोदीत राबलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना हे शब्द शाळेत न जाताही येत होते. एक मूळ ओळखले की दहा शब्द ओळखीचे होतात.

दुसरी गोष्ट उजळणीची. नवे पाठांतर किती झपाट्याने विसरते, हे जर्मन संशोधक एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवले. म्हणून एक वही घाला. वाचनात भेटलेले पाच शब्द रोज वाक्यासह लिहा. ते दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने पुन्हा पाहा. रोज पाच म्हणजे वर्षाला १,८२५ शब्द होतात!

पालकांना एक विनंती आहे. आम्हाला इंग्रजी येत नाही, असे म्हणून मागे सरू नका. रात्री जेवताना मुलाला त्या दिवसाचे पाच शब्द आपल्या बोलीत समजावून सांगायला लावा. ज्याला समजावता येते, त्यालाच ते समजलेले असते. आणि मुलींनाही वाचनासाठी घरकामातून रोज एक तास मोकळा द्या. त्यांची वही रिकामी राहिली, तर आपल्या समाजाचे अर्धे पान कोरे राहील.

बद्रुद्दीन तय्यबजी प्रथम मदरशात उर्दू-फारसी शिकले. तेच पुढे १८६७ मध्ये मुंबईचे पहिले हिंदी बॅरिस्टर झाले आणि १८७४ मध्ये अंजुमन-इ-इस्लामच्या स्थापनेत पुढे राहिले. घरची भाषा त्यांच्या आड आली नाही. तुमच्याही येणार नाही. मात्र वही आजच उघडली पाहिजे.