संभाव्यांची यादी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



व्याख्यानमालेत आमचे नाव घालताना समितीची अपेक्षा बहुधा अशी असावी की, तीस वर्षे केंद्र सरकारच्या फायली उपसलेला हा गृहस्थ पानिपतापासून प्रारंभ करून दिल्लीतील मराठी माणसाच्या कर्तृत्वावर काही बोलेल. ती अपेक्षा आम्ही पुरी करणार नाही. आम्ही साधे बी. ए., इतिहासावर बोलण्याचा अधिकार आमचा नाही. याद्यांवर बोलण्याचा मात्र थोडाफार आहे. ज्येष्ठता यादी, गुणवत्ता यादी, प्रतीक्षा यादी. आमच्या उमेदीचा काळ या याद्या करण्यात, तपासण्यात आणि त्यांत आपले स्वतःचे नाव शोधण्यात गेला.

विषयाचे निमित्त याच सभागृहात घडले. गेल्या गणेशोत्सवात आरती संपल्यावर एका वहिनींनी आम्हांस गाठले. "भाऊजी, आमच्या चिरंजीवांचे नाव सोळा वर्षांखालच्या संभाव्यांत आले नाही. आता क्रिकेट बंद करून क्लास लावावा का?" आमच्या हातात प्रसादाची वाटी होती. आम्ही काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेली. आजचे भाषण हे त्या राहिलेल्या उत्तराचे मानावे.

कोवळ्या खेळाडूंची क्रमवारी लावण्याचे शास्त्र करून टाकले ते अमेरिकेने. तेथील बेसबॉलचा प्रत्येक मोठा संघ आपल्या हाताखाली लहान संघांची एक उतरंड बाळगतो. या व्यवस्थेला ते चक्क 'शेती' म्हणतात. सेंट लुईसच्या संघासाठी ब्रँच रिकी नावाच्या गृहस्थांनी १९२० च्या दशकात ती उभारली. पोरे खालच्या संघात पेरायची, पिकतील ती वर आणायची. हेरगिरी करणारे जाणकार गावोगाव हिंडतात आणि प्रत्येक मुलाला फलंदाजी, ताकद, धाव, क्षेत्ररक्षण आणि फेक या पाच अंगांसाठी वीस ते ऐंशी या मापावर गुण देतात. पन्नास म्हणजे वरच्या दर्जाचा सर्वसाधारण खेळाडू. यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, मुलगा आज कसा आहे याचे गुण वेगळे आणि पुढे कसा होईल याचे वेगळे. आमच्या कार्यालयातील गोपनीय अहवालांत हा दुसरा रकाना असता तर कित्येकांचे भले झाले असते, आणि कित्येकांचे बिंग फुटले असते. असो.

आपल्याकडे शेती आहे, पण ती क्रिकेटची. सोळा वर्षांखालील विजय मर्चंट करंडक, एकोणीस वर्षांखालील कूचबिहार, तेविसांखालील सी. के. नायडू आणि त्यावर रणजी, अशी तिची उतरंड. मुंबईत याच्याही खाली हॅरिस आणि गाइल्स या शालेय ढालींचे वाफे आहेत. आणि रोपे ओळखणे किती अवघड, याचा दाखला द्यायचा तर आझाद मैदानाएवढा चांगला दुसरा नाही.

फेब्रुवारी १९८८. हॅरिस ढालीचा उपांत्य सामना. शारदाश्रमच्या विनोद कांबळी आणि सचिन तेंडुलकर यांनी ६६४ धावांची अखंड भागीदारी केली. विनोद नाबाद ३४९, सचिन नाबाद ३२६. पुढचा फलंदाज म्हणून अमोल मुजुमदार नावाचा तेरा वर्षांचा मुलगा पॅड बांधून बसला होता. त्याची पाळी आलीच नाही. त्या दिवशीच्या धावफलकावरून क्रमवारी लावायची तर विनोद पहिला, सचिन दुसरा आणि अमोलच्या नावापुढे काहीच नाही. या तिघांचे पुढे काय झाले हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. विनोदने १९९३ साली लागोपाठच्या दोन कसोटींत द्विशतके ठोकली, त्यांतले दुसरे, २२७ धावांचे, आपल्या येथील फिरोजशहा कोटल्यावर. आणि सतरा कसोटींत चोपन्नच्या सरासरीने धावा करूनही वयाच्या तेविसाव्या वर्षी, १९९५ साली, त्याची शेवटची कसोटी होऊन गेली होती. पहिला क्रमांक चुकीचा होता असे म्हणवत नाही. त्या वयातील त्या दिवसापुरता तो खराच होता.

सचिनचेही सरळ घडले असे समजू नये. १९८७ साली मुंबई क्रिकेट संघटनेचे उत्कृष्ट कनिष्ठ खेळाडूचे पारितोषिक त्याला मिळाले नाही. पोरगा हिरमुसला. तेव्हा सुनील गावसकरांनी त्याला पत्र लिहून धीर दिला; या पारितोषिकाच्या मानकऱ्यांत आणखी एक नाव नाही आणि त्या माणसाचे कसोटीत फारसे वाईट झाले नाही, असे त्यात सुचवले होते. ते नाव अर्थात पत्रलेखकाचेच. म्हणजे एकाच यादीने मुंबईचे दोन सर्वोत्तम फलंदाज वगळले होते. यादी करणारे कोणी अडाणी नव्हते, क्रिकेट कोळून प्यालेली मंडळी होती. म्हणूनच हे उदाहरण आम्हांस भिववते.

चूक होते ती कोठे? एक तर आपण धावा मोजतो, धावांचे वजन करीत नाही. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या प्रणव धनावडे या शाळकरी मुलाने आंतरशालेय सामन्यात नाबाद १००९ धावा केल्या. जगात कोणी एका डावात चार आकडे गाठले नव्हते, ते त्याने गाठले. कौतुक झाले, शिष्यवृत्ती मिळाली. पण समोरची गोलंदाजी फार कोवळी होती, आणि एका बाजूची सीमारेषा अगदी जवळ. पुढे धावा आटल्या आणि ती शिष्यवृत्ती त्या कुटुंबाने स्वतःहून थांबवली. या प्रकरणात आम्हांस सर्वांत मोठे वाटतात ते त्याचे वडील. दोष त्या मुलाचा नव्हता. समोर येईल तो चेंडू त्याने मारला. एका आकड्यावरून त्याच्या डोक्यावर क्रमांक ठेवणाऱ्या मोठ्या माणसांचा तो दोष होता.

वयाची गोष्ट तर विचारूच नये. तेराव्या वर्षी मिसरूड फुटलेला मुलगा आणि त्याच वयाचा पण अद्याप आवाज न फुटलेला मुलगा यांना एका मापाने मोजायचे, आणि त्यांतील पहिल्याचे वय कागदोपत्री दोन वर्षे कमी लावलेले असायचे! दाखल्यांवर विश्वास उरला नाही म्हणून क्रिकेट मंडळाने सोळा वर्षांखालील मुलांच्या मनगटाच्या हाडांची क्षकिरण चाचणी सुरू केली. आमच्यासारख्या प्रमाणपत्रांवर पोट भरणाऱ्यांना यात आपला पराभव दिसतो.

उलट बाजूही आहे. या शतकाच्या आरंभी मंडळाने दिलीप वेंगसरकरांच्या देखरेखीखाली गुणी मुले हेरणाऱ्यांची एक शाखा काढली होती. तिच्यातर्फे बंगालचे जुने खेळाडू प्रकाश पोद्दार २००३ साली जमशेदपूरला सामना पाहत बसले होते. झारखंडचा एक यष्टिरक्षक त्यांच्या नजरेत भरला आणि त्यांनी तसा अहवाल धाडला. नियमाने अकादमीची वयोमर्यादा एकोणीस, आणि महेंद्रसिंह धोनी एकविशी ओलांडलेला. नियम बाजूला ठेवला गेला. आमच्या खात्यात असा प्रस्ताव आला असता तर त्याच्यावर तीन शेरे पडून तो मूळ जागी परतला असता, आणि त्यांतील एक शेरा आमचाही असता, हे प्रांजळपणे सांगतो.

यात आमचा घरचाही अनुभव आहे. दहा-बारा वर्षांमागे आमचे चिरंजीव, डावखुरे फिरकी गोलंदाज, राजधानीच्या परिसरातील एका शहरी निवड चाचणीस गेले होते. मे महिन्याचे ऊन, तीनशेहून अधिक मुले, दोन जाळ्या. त्यांच्या वाट्याला सहा चेंडू आले. फिरकी गोलंदाजाला सहा चेंडूंत बोटे मोकळी होत नाहीत, मग फलंदाजाला फसवणे दूरच. वहीवरून मान वर न करता कोणी तरी म्हणाले, "नेक्स्ट." परतताना मेट्रोत तो एक शब्द बोलला नाही. आम्हीही बोललो नाही. त्याचा मुलगा म्हणून जो विचार करायला हवा होता, तो न करता आम्ही कारकुनी हिशेब मांडत बसलो होतो, की तीनशे मुलांना सहा चेंडू म्हणजे एकूण अठराशे, यापेक्षा अधिक वेळ देणे व्यवहारात शक्य तरी आहे काय?

आता जी गोष्ट सांगायची आहे ती या सर्वांहून कठीण. समजा, यादी अगदी बिनचूक केली. तरी जागा किती?

रोहतकचे राजिंदर गोयल हे दिल्ली आणि हरियाणाकडून खेळले. रणजी स्पर्धेत त्यांचे ६३७ बळी, हा विक्रम आहे. मुंबईच्या पद्माकर शिवलकरांचे प्रथम दर्जाच्या सामन्यांतील बळी ५८९. दोघेही डावखुरे फिरकी गोलंदाज, दोघांनाही एकही कसोटी मिळाली नाही. कारण त्याच काळी, त्याच हाताने बिशनसिंग बेदी गोलंदाजी करीत होते. बेदींच्या ऐवजी कोणाला घ्यावे, असे म्हणण्याची छाती आमची नाही. गावसकरांनी आपल्या आवडत्या खेळाडूंवरील पुस्तकात कसोटी न खेळलेल्या या दोघांना स्थान दिले. क्रिकेट मंडळाने दोघांचा जीवनगौरव केला तो २०१७ साली. गोयल २०२० मध्ये गेले, शिवलकर २०२५ च्या मार्चमध्ये.

आणि पॅड बांधून बसलेला तो अमोल? फेब्रुवारी १९९४ मध्ये त्याने मुंबईकडून रणजीत पदार्पण केले ते येथे, आपल्या फरिदाबादेत, हरियाणाविरुद्ध. पहिल्याच डावात २६०. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये पदार्पणात एवढ्या धावा तोवर जगात कोणी केल्या नव्हत्या. तो विक्रम २०१८ च्या डिसेंबरपर्यंत टिकला. आम्ही तेव्हा नुकते नोकरीला लागून सरोजिनीनगरात तिघांसह एका खोलीत राहत होतो. फरिदाबाद ते केवढे दूर! किरकोळ रजाही शिल्लक होती. पण रणजीचा सामना पाहायला कोण जातो, म्हणून गेलो नाही. आकडा वर्तमानपत्रात वाचला. ती रजा वर्षअखेर वाया गेली.

१९९६ च्या जूनमध्ये लॉर्ड्‌सवर राहुल द्रविड आणि सौरव गांगुली आले, त्याच वर्षी लक्ष्मण आला. मधल्या फळीत सचिन आणि अझरुद्दीन होतेच. दार बंद झाले. अमोलने एकूण १७१ प्रथम दर्जाचे सामने खेळून ११,१६७ धावा केल्या, तीस शतके काढली, २००६-०७ साली मुंबईला रणजी करंडक मिळवून दिला, आणि भारताकडून एकही सामना न खेळता २०१४ साली निवृत्त झाला. या माणसाचा क्रमांक बरोबर होता की चूक? आम्ही यावर पुष्कळ विचार केला. आमचे मत असे की क्रमांक कदाचित बरोबरच होता. पाचवा किंवा सहावा. पण पाचव्या क्रमांकाचा माणूस म्हणजे काय, हे सांगायला यादीत जागा नसते.

आपल्या दिल्लीचाही एक असा मुलगा. २००८ साली एकोणीस वर्षांखालील विश्वचषक जिंकणारा कर्णधार दिल्लीचा विराट कोहली, आणि २०१२ साली अंतिम सामन्यात नाबाद १११ धावा काढून तोच चषक जिंकणारा कर्णधार दिल्लीचाच उन्मुक्त चंद. त्या वयात दोघांच्या नावांपुढे सारखेच शेरे होते. उन्मुक्त भारताकडून खेळलाच नाही. २०२१ साली अठ्ठाविसाव्या वर्षी तो येथून निवृत्त होऊन अमेरिकेत गेला आणि बेसबॉलच्याच वळणावर नाव ठेवलेल्या 'मायनर लीग क्रिकेट'मध्ये खेळू लागला. २०२४ च्या विश्वचषकासाठी अमेरिकेने संघ निवडला, त्याही यादीत त्याचे नाव नव्हते. गुणी मुलगा, शिकलेला मुलगा. त्याच्याविषयी कोणी 'वाया गेला' असे म्हटले की आम्हांस राग येतो.

आता गेल्या वर्षाची, म्हणजे २०२५ ची हकीकत सांगून थांबतो. महिलांच्या विश्वचषकासाठी पंधरा जणींची यादी लागली. तीत रोहतकची शफाली वर्मा नव्हती. राखीव खेळाडूंची यादी वेगळी लागली; तीत आपल्या पुण्याची तेजल हसबनीस होती, शफाली तीतही नव्हती. स्पर्धा अर्धी-अधिक उलटली आणि सलामीची फलंदाज, दिल्लीची प्रतिका रावल, तीनशेहून अधिक धावा केल्यावर पायाला दुखापत होऊन बाहेर पडली. उपांत्य सामन्याआधी शफालीला बोलावणे धाडले. २ नोव्हेंबरला नवी मुंबईत अंतिम सामन्यात तिने ८७ धावा केल्या, दोन बळी घेतले आणि सामन्याची मानकरी ठरली. भारत ५२ धावांनी जिंकला. प्रतिका त्या आनंदात चाकाच्या खुर्चीत बसून सामील झाली. संघाचा प्रशिक्षक अमोल मुजुमदार. कर्णधार हरमनप्रीत त्याच्या पाया पडली, तेव्हा आमच्या घरी दूरदर्शनसंचासमोर बसलेले आमचे चिरंजीव, जे आता एका खाजगी कंपनीत नोकरी करतात आणि रविवारी सकाळी सोसायटीच्या संघातून गोलंदाजी करतात, एवढेच म्हणाले, "बाबा, याचं पॅड अजून सुटलं नव्हतं."

तर वहिनी, तुमच्या प्रश्नाचे उत्तर. संभाव्यांची यादी आम्ही मागवून पाहिली. तीत पस्तीस नावे आहेत. चिरंजीवांना त्या चाचणीत किती चेंडू खेळायला मिळाले आणि कोणाचे, हे त्यांना विचारून घ्यावे, आणि पुढील वर्षीच्या चाचणीचा अर्ज वेळेत भरावा. जन्मदाखल्याची साक्षांकित प्रत लागते, ती आम्ही करून देऊ. क्लास अवश्य लावावा. फक्त तो सायंकाळचा असावा, कारण पहाटे साडेपाचला चिरंजीव किट घेऊन आमच्या खिडकीखालून जातात, हे आम्ही रोज पाहतो.