सुई आणि भोंगा



यवतमाळच्या उन्हाळ्यात बर्फावर बोलणे म्हणजे थट्टाच वाटेल. पण आपल्या वणीच्या कोळशाखाली हिमनद्यांनी लोटत आणलेले गोटे आहेत. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी हा मुलूख बर्फाचा होता.

खाणीचे छत कोसळण्याआधी तडतडते, हे आम्ही खाणकामगारांकडून शिकलो. बर्फाचेही तसेच आहे. ग्रीनलंडात हिमनदीचा अजस्र तुकडा तुटून समुद्रात कलंडतो, तेव्हा तो हिमनदीला मागे रेटतो आणि जमीन हलते. जोर पाच प्रतीच्या भूकंपाएवढा. पण हा झटका नव्हे, अर्धा-एक मिनिट चालणारा संथ रेटा. म्हणूनच तो नेहमीच्या शोधातून निसटत असे. दूरदूरच्या भूकंपमापकांच्या जुन्या नोंदी नव्या पद्धतीने तपासल्या, तेव्हा २००३ साली तो जगापुढे आला.

म्हणजे यंत्र ऐकते. पण ऐकून कोणाला सांगते?

७ फेब्रुवारी २०२१ रोजी उत्तराखंडातील चमोली जिल्ह्यात खडक आणि बर्फ यांचा प्रचंड कडा कोसळला. आसपासच्या भूकंपमापकांनी तो टिपला. लोंढा तपोवनला पोचेपर्यंत मोलाची मिनिटे हाती होती. मात्र बोगद्यातील मजुरांना सावध करणारी व्यवस्थाच नव्हती. दोनशेहून अधिक माणसे मेली वा बेपत्ता झाली.

सुई हलली आणि भोंगा वाजला नाही, तर ते शास्त्र अर्धेच. सुईपासून भोंग्यापर्यंत तार ओढा, ही मागणी आम्ही पगारवाढीच्याही आधी लिहू.