परमुलखीं शिकणाऱ्या मुलांस आधार कोणाचा?
(गांवच्या सभेंत झालेलें भाषण)



कष्टकऱ्याच्या मुलास किंवा मुलीस परप्रांतांतील कॉलेजांत जागा मिळाली, म्हणजे घरांत आनंदाबरोबर काळजीही शिरते. फी, खोली, खाणावळ, रेल्वेभाडें आणावें कोठून? बाप सावकाराचें दार गांठतो, नाहीं तर पोरास नांगरास किंवा भात्यास जुंपतो.

विद्येस हद्द नाहीं, मग मदतीस कां असावी? श्रीमंत सयाजीराव गायकवाड महाराजांनीं ती मानली नाहीं. भीमराव आंबेडकर मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजांत शिकत, तेव्हां बडोद्याहून त्यांस दरमहा २५ रुपये मिळत. १९१३ सालीं ते अमेरिकेस कोलंबिया विद्यापीठांत गेले, तेही बडोद्याच्याच दरमहा साडेअकरा पौंडांवर. ती मदत तीन वर्षांची. ती संपली आणि १९१७ सालीं लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांस परतावें लागलें. १९२० सालीं ते पुन्हां निघाले, ते स्वतःची शिल्लक, मित्राचें कर्ज व शाहू छत्रपतींचें साहाय्य जमवून. अशा बुद्धिमंताची ही गत, तर आपल्या लेंकरांची काय? मदत शेवटच्या परीक्षेपर्यंत पुरली पाहिजे.

आतां सरकारी नियम ऐका. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ति अनुसूचित जातींसाठीं १९४४ सालीं सुरू झाली. पुढें इतर मागासवर्गांसही मिळूं लागली. मूल दुसऱ्या राज्यांत शिकत असलें, तरी ती त्याच्या स्वतःच्या राज्यानें द्यावयाची असते. तिकडील कारकून “तुमच्या राज्यास विचारा” म्हणाला, तर तो टाळाटाळ करतो असें समजून निराश होऊं नका. इकडील कचेरींत अर्ज करा. मात्र राज्याच्या कांहीं योजना राज्यांतील कॉलेजांपुरत्याच असतात. म्हणून जागा घेण्यापूर्वींच चौकशी करा, आणि जातीचा, उत्पन्नाचा व रहिवासाचा दाखला मूल गांव सोडण्याआधींच काढून ठेवा.

ही भीक नव्हे. सरकारचा खजिना रयतेच्या घामानें भरतो, हें जोतीरावांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें स्पष्ट मांडलें होतें.

परंतु सरकारी पैसा उशिरां येतो, आणि खाणावळवाला दर महिन्यास हात पुढें करतो. ही मधली खिंड गांवानेंच लढवावी. तेराव्याच्या पंक्ती आणि लग्नांतील वाजंत्री कमी करा. खळ्यावर पायलीभर धान्य व कारागिरानें एका दिवसाची मजुरी बाजूस काढावी. त्या फंडांतून मुलास उसने द्या. शिष्यवृत्ति आली कीं त्यानें ते परत करावे, म्हणजे पुढल्या मुलीची सोय होईल. हिशेब चावडीवर वाचून दाखवा.

सावकाराच्या वहींत आपल्या मुलांचें नांव चढूं देऊं नका. तें कॉलेजच्या पटावरच शोभतें.