लेखनसीमा

(महादेवपुरा, बंगळूर येथे मराठी मंडळींनी भरवलेल्या वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



टिन फॅक्टरी चौकातली वाहतूक कोंडी फोडून वेळेवर आलेल्या प्रत्येकाला खरं तर आधी श्रीफळ द्यायला हवं. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हाच्या श्रोत्यांना रिंग रोड ओलांडावा लागत नव्हता.

आजचा विषय राम प्रधान. सनदी अधिकारी, जिनिव्हात भारताचे प्रतिनिधी, महाराष्ट्राचे मुख्य सचिव, केंद्रीय गृहसचिव आणि अरुणाचल प्रदेशचे राज्यपाल. पदांची जंत्री इथेच संपवतो. मला बोलायचंय ते सहीबद्दल. तुमच्यातले निम्मे लोक दिवसभर ‘अप्रूव्ह’चं बटण दाबतात, तेव्हा विषय परका वाटायला नको.

हे बंगळूर एकेकाळी शहाजीराजांच्या जहागिरीतलं. त्यांच्या मुलाच्या, शिवाजीराजांच्या काळातल्या पत्रांचा मजकूर संपला की खाली मोर्तब उमटायचं, त्यावर अक्षरं असायची ‘मर्यादेयं विराजते’. पेशवाईत त्या जागी ‘लेखनसीमा’ दिसतं. उपयोग अगदी व्यवहारी: त्याखाली कुणी मागाहून ओळ घुसडू नये. अधिकाऱ्याचा अधिकार कुठवर चालतो, तेही मला त्या छोट्या शिक्क्यात दिसतं.

प्रधानांचा जन्म जून १९२८ चा. १९५२ साली ते आयएएसमध्ये आले. नोव्हेंबर १९६२ मध्ये चीनकडून पराभव पत्करलेल्या दिल्लीने यशवंतराव चव्हाणांना संरक्षणमंत्री म्हणून बोलावलं. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे आपण शाळेपासून ऐकलं. त्या सह्याद्रीबरोबर खाजगी सचिव म्हणून हा तिशीतला अधिकारी होता. तवांग, से ला, बोमदिला ही नावं तेव्हा प्रत्येक फायलीत जखमेसारखी होती. तो मुलूख तेव्हा नेफा म्हणून ओळखला जायचा. पुढे त्याचाच अरुणाचल झाला आणि पंचवीस वर्षांनी प्रधान तिथे राज्यपाल म्हणून गेले.

मधला काळ जिनिव्हाचा. तिथे गॅट आणि अंक्टाड या संस्थांमध्ये व्यापाराच्या वाटाघाटी चालत. एकेका शब्दावर तासन् तास खल आणि मसुदा दोन्ही बाजूंना सोसेल इतपत घासूनपुसून घेणं, हा तिथला रोजचा उद्योग. ही तालीम पुढे उपयोगी पडली असणार, असं मला वाटतं.

कारण १९८५ मध्ये ते गृहसचिव झाले तेव्हा देश तीन ठिकाणी पेटलेला होता. २४ जुलै १९८५ रोजी राजीव गांधी आणि अकाली नेते संत लोंगोवाल यांचा पंजाब करार झाला. १५ ऑगस्टला आसाम करार झाला आणि राजीव गांधींनी तो लाल किल्ल्यावरून जाहीर केला. त्यावर केंद्रातर्फे प्रधानांची सही आहे. उरला मिझोराम. तिथे १९६६ पासून बंड होतं. ऐझॉलवर आपल्याच हवाई दलाने बॉम्ब टाकले होते, गावंच्या गावं उठवून रस्त्याकडेच्या वसाहतींत नेली होती. अशा जखमेवर कागद चिकटवायचा होता.

आता तारीख पाहा. त्या वेळी निवृत्तीचं वय ५८. जूनमध्ये जन्मलेला माणूस ३० जूनला घरी जाणार. ३० जून १९८६ हा प्रधानांचा नोकरीतला अखेरचा दिवस आणि त्याच दिवशी मिझो करारावर सह्या झाल्या: बंडखोरांचे नेते लालडेंगा, गृहसचिव प्रधान आणि मिझोरामचे मुख्य सचिव लालखामा. चौतीस वर्षांच्या नोकरीचं मोर्तबच उठलं म्हणायचं.

या करारातून मिझोराम राज्य झालं २० फेब्रुवारी १९८७ रोजी. अरुणाचलही त्याच दिवशी राज्य झालं आणि महिन्याभरात प्रधान तिथल्या राजभवनात होते. सुमडोरोंग चूच्या खोऱ्यात भारत आणि चीनचं सैन्य समोरासमोर उभं असतानाचा हा काळ. राज्यपाल म्हटलं की आपल्याला फीत कापणारे गृहस्थ आठवतात. अरुणाचलात तसं नाही. घटनेच्या ३७१ एच कलमाने तिथल्या राज्यपालावर कायदा-सुव्यवस्थेची खास जबाबदारी टाकली आहे; मंत्रिमंडळाशी सल्लामसलत करून अखेरचा निर्णय तो स्वतःच्या विवेकाने घेऊ शकतो. इतर बहुतेक राज्यांत राज्यपालाची लेखनसीमा लवकर येते, इथे ती लांब सरकवली आहे. प्रधान तिथे १९९० पर्यंत होते.

पण एक प्रश्न राहतोच. वर्षभरातले तीन करार, गृहसचिव एकच. मग निकाल इतके वेगळे का? पंजाब करारानंतर महिनाभराच्या आतच लोंगोवालांची हत्या झाली आणि तो कागदावर राहिला. आसाम कराराच्या सहाव्या कलमावरून आजही वाद चालतो. मिझो करार मात्र टिकला. लालडेंगा मुख्यमंत्री झाले, दोनच वर्षांत त्यांचं सरकार पडलं, पुढची निवडणूकही ते हरले. तरी त्यांचा पक्ष जंगलात परतला नाही, विरोधी बाकांवर बसला.

याचं श्रेय मी मसुद्याला देतो, पण सगळं देत नाही. करार झाला तेव्हा मिझोरामचे मुख्यमंत्री होते काँग्रेसचे ललथनहावला. निवडून आलेले, बहुमतातले. कालपर्यंत बंडखोर असलेल्या माणसासाठी त्यांनी खुर्ची सोडली आणि त्याच्याच हाताखाली उपमुख्यमंत्री झाले. या माणसाची त्या कागदावर सही नाही.

प्रधान ३१ जुलै २०२० रोजी मुंबईत वारले. अधिकाऱ्याचं काम मोर्तबाशी थांबतं आणि त्यांनी ते चोख केलं. त्याखालची कोरी जागा कुणी लिहून भरायची नसते. मिझोरामात ती एका माणसाने खुर्चीवरून उठून भरली.