डिग्री सोडायची नाही, डिग्रीवर थांबायचंही नाही
(विद्यार्थी शिबिरातील भाषण)



मघाशी चहाच्या वेळी तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीने मला विचारलं, "सर, डिग्रीत नुसती थिअरी आहे. सोडून देऊन सहा महिन्यांचा कोर्स करू का? नोकरी तरी लवकर लागेल." तिच्या शिक्षणासाठी घरच्यांनी कर्ज काढलंय. म्हणून ठरवलेलं भाषण बाजूला ठेवून या प्रश्नावरच बोलतो.

मीही कॉम्प्युटर इंजिनीअरिंग केलं. आमच्याकडे प्रॅक्टिकल म्हणजे जर्नल. आदल्या रात्री सीनियरच्या जर्नलमधून प्रोग्रॅम उतरवायचा, सही घ्यायची, ओरलला पाठ केलेली व्याख्या म्हणायची. फर्स्ट क्लास मिळाला. अब्बांनी मोहल्ल्यात पेढे वाटले.

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात एक बग दुरुस्त करायला दिला. समोर दुसऱ्यांनी लिहिलेल्या शेकडो फाइल्स. मी चार वर्षं पन्नास-पन्नास ओळींचे प्रोग्रॅम लिहिले होते. दुसऱ्याचा कोड वाचायची वेळच आली नव्हती. 'गिट' कशाशी खातात, माहीत नव्हतं. लाजेपोटी तीन दिवस कोणाला विचारलं नाही. चौथ्या दिवशी शेजारच्या सहकाऱ्याने वीस मिनिटांत दाखवलं. त्या तीन दिवसांत मीही कॉलेजच्या नावाने बोटं मोडली.

ही उणीव फक्त आपल्याकडे नाही. अमेरिकेतल्या एमआयटीत २०२० साली 'द मिसिंग सेमिस्टर' नावाचे वर्ग झाले. कमांड लाइन, गिट, डिबगिंग या रोजच्या गोष्टी तिथेही अभ्यासक्रमात नीट शिकवल्या जात नव्हत्या. ती व्याख्यानं इंटरनेटवर मोफत आहेत. जरूर बघा.

आता दुसरी बाजू. तीन वर्षांनी आमचा एक रिपोर्ट उघडायला मिनिटभर लागू लागला. मोठा सर्व्हर घ्यायची चर्चा सुरू झाली. मी पाहिलं, टेबलवर इंडेक्स होता, पण आधी तारीख, मग शहर अशा क्रमाने. शोध मात्र नुसत्या शहरावर चालला होता. डीबीएमएसच्या पेपरसाठी घोकलेलं बी-ट्री आठवलं. यादी आडनावाप्रमाणे लावलेली असेल आणि आपल्याला फक्त 'सलीम' हे नाव माहीत असेल, तर सगळी पानं चाळावी लागतात. तेच होत होतं. शहरावर वेगळा इंडेक्स केला. रिपोर्ट दोन सेकंदांत उघडू लागला. सर्व्हरचा खर्च वाचला.

पहिल्या आठवड्यात प्रॅक्टिकल नसल्यामुळे अडलो, तिसऱ्या वर्षी थिअरीमुळे सुटलो. टूल्स दर काही वर्षांनी बदलतात. बी-ट्री १९७० च्या दशकापासून आहे आणि आजही बरेच डेटाबेस त्यावर चालतात.

मग करायचं काय? एक, जर्नल उतरवू नका. प्रोग्रॅम स्वतः चालवा, मुद्दाम मोडा, का मोडला ते शोधा. दोन, ओळखीच्या माणसासाठी एखादं छोटं सॉफ्टवेअर करा. किराणा दुकानाची उधारी, शिलाईच्या ऑर्डरी, काहीही. दुकानदाराने महिनाभर वापरलं की चुकीच्या नोंदी, बॅकअप, दोनदा दाबलेलं बटण, सगळं आपोआप शिकाल. ते गिटवर ठेवा. मुलाखतीत दाखवायला तुमच्याकडे काहीतरी असेल. तीन, दर आठवड्याला एका ओपन सोर्स प्रोजेक्टची एक फाइल वाचा. लॅपटॉप नसेल तर कॉलेजच्या लॅबमध्ये बसा. तो तुमचा हक्क आहे, फी भरलीय.

आणि 'शंभर टक्के नोकरी' अशी पाटी लावलेल्या क्लासला पैसे देण्याआधी तिथे शिकलेल्या दोन-तीन मुलांना स्वतः भेटा. क्लासवाल्याने गाठ घालून दिलेल्यांना नव्हे.

त्या ताईला माझं उत्तर : डिग्री सोडू नकोस. कित्येक कंपन्यांत अर्जाच्या पहिल्या रकान्यातच डिग्री विचारतात. पण शेवटच्या वर्षाची वाटही बघू नकोस. आज रात्री घरी गेल्यावर पहिला प्रोग्रॅम मोडून बघ. अडलीस तर तीन दिवस गप्प बसू नकोस. विचार.